एकशे चाळीस ठोके

मी थापाड्या म्हणून ओळखला जातो, हे आधीच कबूल करतो. पण ही थाप नाही. त्या दुपारी सव्वातीनला प्रसूतिगृहाच्या तपासणी खोलीत मी स्वतः हजर होतो.

हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. पोटातल्या बाळाचे ठोके मोजणारं मशीन दुरुस्त झालं, की मी पट्टा स्वतःच्याच पोटाला बांधून बघायचो.

"काका, कितवा महिना?" सिस्टर खिदळायची.

"नववा. जुळं आहे!"

त्या दिवशी मात्र पलंगावर माझी पुतणी होती. चिमणी. तिला खरंच नववा लागला होता.

आणि मशीन गप्प होतं...

"पट्टा सैल असेल," मी म्हणालो.

"बाळ झोपलं असेल," सिस्टर म्हणाली. तिने चिमणीला साखरपाणी पाजलं, डाव्या कुशीवर वळवलं.

आणि मग... टकटक, टकटक. एकशे चाळीस.

मशीन कधीकधी आईचेच ठोके पकडतं. म्हणून सिस्टरने चिमणीचं मनगट धरलं. शहाऐंशी. म्हणजे आईचे नव्हेत.

"उगाच आमचा जीव टांगणीला लावलास, बये!" मी चिमणीला म्हणालो.

चिमणी हसली नाही. बाळ हललं की दाबायचं बटण तिच्या मुठीत होतं. तिने ते एकदाही दाबलं नव्हतं.

"काका, परवापासून हललंच नाहीये ते."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली.

बाळाचं हृदय बंद होतं. दोन दिवस झाले असतील, म्हणाल्या.

शेजारी मशीन मोजतच होतं... एकशे चाळीस.

चिमणीला आत नेलं. मी एकटा उरलो. दोष मशीनचाच, दुसरं काय! पट्टा पोटाला बांधला. माझे ठोके सत्तरच्या वर कधी जात नाहीत.

एकशे चाळीस...

आणि आतून कुणीतरी लाथ मारली.

पट्टा सोडला. लाथा थांबल्या नाहीत.

माझ्यासारख्यावर कोण विश्वास ठेवणार? चिमणीने ठेवला. तेव्हापासून रोज दुपारी ती येते, माझ्या पोटाला कान लावते. तेवढं ऐकलं, तरच घरी जाऊन दोन घास खाते.

परवापासून माझ्या पोटात काहीच हललेलं नाही.

आज तिने बराच वेळ कान लावला...

"काका, झोपलंय का?"

उभा जन्म थापा मारल्या मी. एवढी एकच मारवेना.

"झोपलंय," म्हणालो, आणि डाव्या कुशीवर वळलो.