भिंतीकडची बाजू

कुवेतमधल्या मंगफ भागात, पद्मजाच्या फ्लॅटमध्ये नूरीने चहाला हातही लावला नाही.

"उद्या कोर्टात उभा करणार त्याला. मग जेलच! बाई, माझा अशरफ चोर नाय हो!"

पद्मजा लग्नाआधी पुण्यात विमा कंपनीसाठी चोऱ्या शोधायची. तिचा नवरा सलील रिफायनरीत इंजिनिअर, अक्कल यंत्रापुरती. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून नूरी तिच्याकडे आली होती. नूरीसोबत आलेला तिचा धाकटा भाऊ तल्हा मान खाली घालून बसला होता.

नूरीचा नवरा अशरफ एका कुवेती व्यापाऱ्याचा बंगला राखायचा. दिवाणखान्यात इजिप्तची लाकडी शवपेटी होती, हजारो वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाची, रंगीत चित्रांनी भरलेली. मालक उन्हाळाभर परदेशी होते. परतल्यावर, आधीच ठरल्याप्रमाणे गालिचा बदलायला पेटी भिंतीपासून ओढली, तर मागची बाजू कोरी! खरी पेटी गायब, जागेवर नक्कल. बंगल्याची किल्ली एकट्या अशरफकडे. पोलिसांना आणखी काय हवं?

"मागे काय रंगवलं होतं?" पद्मजाने विचारलं.

"बदकं, पाव, रांजण. मेलेल्या लेकराला पुढं भूक लागंल म्हणून." नूरी म्हणाली. "मालक असले की पेटी ओढून मागचं पुसून घ्यायचे. आमचं लेकरू गेल्यापासून अशरफ ते पुसताना रडायचा. माझ्यापाशीच बोलायचा, दुसऱ्या कुणापाशी नाय."

"घरी किल्ली कुठे असायची?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. घरात आम्ही तिघंच. हा तल्हा जहरा गावातल्या फोटो स्टुडिओत कामाला, पण झोपायला अब्बासियाला आमच्याकडंच."

मालकांचा ड्रायव्हर रफीकही बोलावल्यावर आला. "पेटी विमानतळावरून मीच आणली. बदकांचा रंग उडू नये म्हणून चारी बाजूंना फडकी मीच गुंडाळली. बंगल्याची किल्ली मात्र मला कधी देत नाहीत."

"आणि तू पाहिलीस का रे?" पद्मजा तल्हाकडे वळली.

"एकदाच. मालकांच्या अल्बमसाठी फोटो काढले. भिंतीला लावलेली होती, हलवू दिली नाही."

रफीक गेल्यावर सलील म्हणाला, "हाच तो!"

"त्याला चारी बाजू ठाऊक. मागची कोरी ठेवून तो फसेल कशाला?"

"मग अशरफच!"

"अरे, गालिच्यासाठी पेटी ओढणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने तर मागचं आधी रंगवून घेतलं असतं. नक्कल करवून घेणाऱ्याने तोवर खरी पेटी फक्त पुढून पाहिली होती. आणि किल्ली त्याच्या हाताशी होती, स्वयंपाकघरात."

नूरी भावाकडे वळली.

तल्हा तिच्या पायाशी कोसळला. "आपा, स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता मला. अशरफभाईला नुसतं विचारून सोडून देतील वाटलं. पेटी जहरालाच आहे, गिऱ्हाईक आलं नाही अजून. मला विमानात बसव, मग सांग सगळ्यांना!"

"हा गेला, तर नुसत्या माझ्या तर्कावर अशरफला कोणी सोडणार नाही," पद्मजा हळूच म्हणाली.

आई गेली तेव्हा तल्हा पाळण्यात होता. नूरीनेच त्याला भरवलं, वाढवलं, हट्टाने कुवेतला आणलं. ती उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"सलीलभाऊ, गाडी काढा."

पोलीस ठाण्याच्या दारात तल्हाने विचारलं, "आपा, मला भेटायला येशील ना?"

"येईन रे," ती म्हणाली.

आतून शिपाई आला. तल्हा त्याच्यासोबत जायला वळला, पण नूरी मनगट सोडेना. शेवटी पद्मजाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.