डायरेक्ट केलेली गाडी

हे खोटं असतं तर सगळ्यात जास्त मीच खूश झालो असतो.

पण खरं आहे. माझ्यासोबत घडलंय. आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही, भर दुपारची आहे. मागच्या वर्षीचा मे महिना. साकोलीत हायवेला लागून माझं बॅटरीचं दुकान आहे, तिथली.

मी सेवकराम. बावीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतो. भुताखेतांच्या गोष्टींवर मी हसायचो. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलत नाही, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचो. मोठा शहाणा!

माझी धाकटी बहीण चंदा एकोडीला दिली आहे. तिचा नवरा हिरालाल. धानाच्या शेतीत त्याचं मन लागत नव्हतं. त्यानं जुना पिकअप घेतला आणि मागे पत्र्याची खोली बसवली. आत पलंग, पंखा, दिवे, एक बारका फ्रिज. नागझिऱ्याचं जंगल पाहायला येणारे पाहुणे त्यात मुक्काम करायचे. चंदा त्यांचा स्वयंपाक करायची.

वायरिंग अर्थात मीच केली.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिन चालू करायला, दुसरी खोलीतल्या पंख्या-दिव्यांसाठी. दोघींच्या मधात एक रिले. इंजिन चालू असलं की तो दोघींना जोडतो, दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की तोडतो. मग पंखा दिवसभर चालला तरी मागचीच बॅटरी उतरते. इंजिनची शाबूत राहते.

एवढं समजून घ्या. बाकी काही समजलं नाही तरी चालेल.

फेब्रुवारीत तो रिले जळला. नवा नागपूरहून यायचा होता, आणि हिरालालचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात.

डायरेक्ट केलं.

म्हणजे रिले काढला आणि त्याच्या जागी एक जाड लाल वायर जोडून टाकली. दोन्ही बॅटऱ्या कायमच्या एक. आठ दिवसांपुरतं, असं मनाशी म्हटलं. हिरालालला फक्त सांगितलं की काम झालं.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. आळस, दुसरं काय?

मेमधल्या त्या दुपारी गाडी जंगलाकडच्या एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर उभी होती. पाहुणे जंगलात फिरायला गेलेले. फ्रिज सकाळपासून चालू. चंदा कामं आटोपून पंख्याखाली आडवी झाली होती.

हिरालालच्या छातीत दुखायला लागलं.

फोनला रेंज नाही. जवळ कोणी माणूस नाही. चंदाला गाडी येत नाही. तो स्वतःच उठून स्टेअरिंगवर बसला. साकोलीचा दवाखाना अर्ध्या तासावर होता. दुपारी पावणेतीन वाजता त्यानं चावी फिरवली.

टक…

बॅटरी उतरली की स्टार्टर असाच बोलतो.

टक… टक…

चंदा उतरून मागून धक्का मारायला लागली. पत्र्याच्या खोलीसकट गाडी ती, एकट्या बाईला हलते होय? ती ढकलत राहिली. तो चावी फिरवत राहिला.

मग टक टक थांबली.

तेरवीनंतर गाडी ओढून माझ्या दुकानामागे आणली. मी दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावला. दहा पॉइंट चार. दोन्हीकडे तोच आकडा; भरलेली बॅटरी बाराच्या वर दाखवते. पुढचीही पंख्या-फ्रिजनंच खाल्ली होती.

आणि मी पहिलं काम काय केलं सांगू? ती लाल वायर काढून भंगारात फेकली. कोणी पाहायच्या आत. लिहितानाही लाज वाटते.

बॅटऱ्या उचलून दुकानात ठेवल्या. चावी गल्ल्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेतीनला…

टक…

आवाज मागून, गाडीतून आला.

टक… टक…

शेजारचा पंक्चरवाला तुलाराम ओरडला, "कोण स्टार्टर मारून राहिला बे?"

म्हणजे भास नव्हता. मी मागे गेलो. केबिनमध्ये कोणी नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती. मोकळ्या लोंबणाऱ्या क्लिपांना मी मीटर लावला.

दहा पॉइंट चार.

आणि पुढच्या नि मागच्या बॅटरीच्या क्लिपांच्या मधात… लाल वायर.

तोच जाड तुकडा. वरून काळी टेप, टेपवर सुताची गाठ. अशी गाठ मीच मारतो. मी कटर आणून ती कापली. दुसऱ्या दिवशी परत जोडलेली. परत कापली. परत जोडलेली. सात दिवस हेच चाललं. माझ्याच हातची गाठ मी रोज कापत होतो.

आठव्या दिवशी चंदा आली.

वाळून काटकी झाली होती पोर. गाडीकडं तिनं पाहिलंही नाही. दुकानात इतकी गरमी की अंगाची लाही होत होती, तरी माझा पंखा तिनं बंद करायला लावला. सासरचे तिला काय काय बोलतात ते सांगत बसली. मग थांबली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली,

"दादा, खरं सांगजो. मी पंखा बंद केला असता त गाडी चालू झाली असती का?"

मागे टक टक सुरू झाली होती. तिला ऐकू येत नव्हती.

खरं उत्तर मला माहीत होतं. रिले असता तर तिनं दहा पंखे लावले असते तरी गाडी चालू झाली असती.

मी म्हटलं, "हो."

टक टक थांबली.

चंदा उठली, पदरानं तोंड पुसलं आणि बस पकडायला निघून गेली.

त्यानंतर गाडीतून आवाज आला नाही. वायर कापली ती कापलेलीच राहिली. क्लिपांवर मीटर शून्य दाखवायला लागला. सुटलो एकदाचा, असं वाटलं मला. हो, वाटलं. असाच आहे मी.

चौथ्या दिवशी, तीन वाजता तिचा फोन आला.

"दादा, गाडी त तुझ्याकडं आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मग घरात टक टक कायची होऊन राहिली? आता तीन दिवस झाले. बरोबर पावणेतीनले."

"ते मले काही सांगून राहिले का रे?"

मी रेंजचा बहाणा करून फोन ठेवला.

वर्ष झालं. चंदा माहेरी येत नाही. ती दुपारी घर सोडत नाही, पंख्याविना आत बसून राहते. सासरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. मांत्रिक झाला, नागपूरचा डॉक्टर झाला.

तुम्हा अनोळखी लोकांना एवढं सगळं लिहून टाकलं. तिला एक फोन लावायचा तर हात उठत नाही.