कणगीतला गडी

"लहानपण कधी संपलं म्हणून इचारायलाव? आधी सुरू कधी झालं ते तरी इचारा की, म्याडम!"

"तेच विचारायचंय. पण तुम्ही गाडी तर बंद करा. इंजिनाला विचारू का तुमच्या?"

बब्रुवाननं गाडी बंद केली न्हाय. उलटं रेस वाढवली. मागं दुधाचे कॅन एकमेकांवर आदळले. येरमाळ्याच्या फाट्यावर टपरीत बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. आता बघा, भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध एक पोरगी टेम्पोम्होरं हात आडवा करून उभी, अन् आतला ड्रायव्हर रागानं लालेलाल. दुष्काळात दुसरी करमणूक कुठं होती?

शहाऐंशी साल ते. पाऊस आला न्हाय, अन् आला न्हाय हे बोलायचं सुदिक लोकांनी बंद केलं होतं. बोलून बोलून तोंडं दमली होती.

पोरीचं नाव तारामती. धाराशिवच्या पोस्टमनची लेक, चोवीस वर्षांची, औरंगाबादला विद्यापीठात शिकायची. खांद्याला टेपरेकॉर्डर, पायात अंगठा तुटायला आलेली चप्पल. तिच्या सरांनी तिला या गावांमध्ये धाडलेलं, माणसांना त्यांचं लहानपण विचारायला. एसटी दिवसातून एकदा, ती बी आली तर. म्हणून दूध संघाच्या गुरुसिद्धप्पा सुपरवायझरनं तिला सांगितलं, बब्रुवानच्या टेम्पोत बसत जा. बब्रुवानला सांगायचं तेवढं त्यो इसरला.

"मला जायला पाहिजे," बब्रुवान म्हणाला. "दूध नासंल."

"मग मला पण घेऊन चला. मी नासत नाही."

टपरी खो खो हसली. बब्रुवाननं दात खाल्ले… अन् बाजूचं दार आतून उघडलं.

त्यो तेवीसचा. बाप गेल्यापासून घर त्याच्यावर. घरी माय बनाबाई, दोन्ही बहिणी उजवून दिलेल्या. पहाटे निघायचं, गावोगावचं दूध गोळा करायचं, नासायच्या आत डेरीवर न्यायचं. डोकं त्याचं इंजिनाच्या आधी तापायचं, हे सगळ्या रूटला ठाऊक होतं.

टेम्पो पळायला लागला की तारामती बोलायला लागायची.

"आमचे सर म्हणतात, लहानपण काही दातासारखं आपोआप येत नाही अन् पडत नाही. माणसं ठरवतात ते. ज्या काळाला जेवढं परवडंल तेवढं. कुठं सात वर्षांचं लेकरू कामाला, कुठं वीस वर्षांचा बाप्या अजून घरात बाळ. लई जुन्या काळची चित्रं असतात ना, त्यात लेकरं काढलेली बारक्या माणसांसारखी. अंग लेकराचं अन् तोंड म्हाताऱ्याचं."

बब्रुवाननं काचेतून बोट दाखवलं. कडंनं एक पोरगं शेळ्या घेऊन चाललं होतं. आठ-नऊ वर्षांचं असंल. कपाळाला आठ्या, खांद्यावर काठी, चाल एखाद्या कारभाऱ्याची.

"चित्रं कशाला पाहिजेत? हे बघा की."

"हो," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर आले मी." अन् शेळ्या मागं पडेपर्यंत मान वळवून त्या पोराकडं बघत राहिली. तिचं उतरलेलं तोंड त्याला बघवंना. उगंच हॉर्न वाजवला त्यानं… रस्त्यावर कुत्रं बी नव्हतं.

पहिल्यांदा ती माणसांना इचारायची, लहानपण कोणत्या वयात संपलं? वय इचारलं की माणसं आभाळाकडं बघायची. मग तिनं सवाल बदलला. शेवटचा खेळ कधी खेळलात?

अन् माणसं बोलायला लागली.

कोंडिबा म्हातारा म्हणाला, "लग्नाच्या दिशी! वऱ्हाड खोळंबलेलं अन् नवरदेव सापडंना. नवरदेव वढ्यात गोट्या खेळत व्हता. मामानं बखोटं धरून बोहल्यावर उभा केला. डाव मीच जिंकत व्हतो, बाई. अजून जीव जळतोय."

जाईबाई म्हणाली, "सागरगोटे खेळायचे म्या. पहिलं लेकरू मांडीवर, अन् गोटे हातात. सासूनं हिसकावले अन् हिरीत फेकून दिले. आता हीर आटलीया… दिसत्यात का बघा जाऊन."

पण लई जणांना आठवायचंच न्हाय. खेळताना कुणाला ठाऊक असतंय, की हा शेवटचा? माणसं टेपासमोर बसायची, तोंड उघडायची, अन् दमल्यागत नुसती हसायची.

टेपाचे सेल उतरायला आले की तारामती ते बॉनेटवर उन्हात ठेवायची. ती माणसांशी बोलत बसली की बब्रुवान हळूच जायचा अन् एकेक सेल पालथा करायचा, भाकरी उलथावी तसा. ते तिनं बघितलं. बघितलंय हे त्याला कळू दिलं न्हाय. तिच्या जाग्यावरची धूळ त्यो सकाळी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून ठेवायचा, ते बी तिनं बघितलं. ती बसली की पायापाशी ठेवलेल्या कॅनच्या झाकणावर पाय दाबून धरायची, खडखडू नये म्हणून. अन् त्यो खड्डे चुकवायचा. आधी कधी चुकवले नव्हते.

"अन् तुम्ही, बब्रुवान? तुमचा शेवटचा खेळ?"

त्याचा हात गिअरवर थांबला.

"मला जायला पाहिजे. दूध नासंल."

पुढच्या गावात तिनं परत विचारलं. त्याच्या पुढच्या गावात बी.

"तुमचं दूध माझ्याच प्रश्नाला कसं नासतं हो?"

"प्रश्नच आंबट असतोय तुमचा."

"मग गोड कोणता विचारू?"

त्यो कानापर्यंत लाल झाला. खिडकीबाहेर थुंकायचं निमित्त केलं. तोंडात काय नव्हतंच.

एकदा टायर पंक्चर झालं ते नेमकं त्याच्या घरापाशी. बनाबाईनं तिला सावलीत बसवलं, नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. "कांबळे," तारामती म्हणाली. बनाबाईचा हात तांब्यावर जरा थांबला. मग तिनं तांब्या तिच्या हातात दिला. थांबला तेवढं बब्रुवाननं बघितलं. तारामतीनं बी. पाणी पिऊन ती म्हणाली, "आई, पाणी गार आहे." गावाबाहेर आल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, "मायला मी बोललो. लई बोललो." ती म्हणाली, "दिला ना पण हातात." अन् खिडकीला डोकं टेकून डोळे झाकले. दमलेली दिसत होती. उन्हानं न्हाय.

मग दूध आटायला लागलं. गुरं छावणीला गेली, काय बाजारात गेली. आज ह्या गावात दूध न्हाय, उद्या त्या गावात न्हाय. एक दिवस पूर्ण रूट फिरून बी टेम्पो गेला तसा आला. गुरुसिद्धप्पानं सांगितलं, रूट आजपासून बंद.

अन् त्याच दिवशी तारामतीची औरंगाबादची गाडी होती.

येरमाळ्याला लिंबाखाली टेम्पो लावून दोघं आत बसले. पानं गळालेली, सावली नुसती नावाला. तिची पिशवी मांडीवर. गाडी यायला टाइम होता, अन् त्यो टाइम दोघांना बी नकोसा झाला होता.

"शेवटचं विचारते, बब्रुवान. आज नाही सांगितलंत तर राहिलं मग."

"मला जायला पाहिजे," त्याच्या तोंडून आपोआपच आलं. "दूध…"

तिनं वाकून पायापाशीच्या कॅनवर बोटानं टकटक केलं. टण्ण… टण्ण. रिकामं.

"कोणतं दूध?"

बब्रुवाननं स्टेअरिंग घट्ट धरलं. गाडी तर उभी होती.

"लपाछपी," त्यो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळून बसली.

"बहात्तरचा दुष्काळ. नऊ वर्षाचा असंन. ज्ञानोबावर राज व्हतं, त्यो आकडे मोजत व्हता. म्या पळत घरात गेलो अन् कणगीत उतरलो. जवारीची कणगी. रिकामी व्हती म्हणून तर लपता आलं. वाटलं, आज कुणाच्या बापाला सापडत न्हाय… बसलो. लई वेळ बसलो. हसू दाबून दाबून पोट दुखलं. अंधार पडला तरी ज्ञानोबा येईना. मग वरनं हात आला आत. बापाचा. म्हणाला, चल भायेर, उद्यापसून खडी फोडायला जायचंय. सकाळी त्याचा पटका माझ्या डोक्याला बांधला, मुकादमाला उंच दिसावं म्हणून. त्यो पटका डोळ्यावर यायचा."

"अन् ज्ञानोबा?"

"त्येच्या घरच्यांनी आकडे मोजता मोजता उचलला त्येला. पुण्याला गेले जगायला, तिकडंच राहिले. त्येनं मला शोधलंच न्हाय, म्याडम. डाव संपलाच न्हाय. कवा कवा वाटतंय, मी अजून तिथंच बसलोय… कणगीत. अन् ह्यो भायेर दूध वाहतोय त्यो दुसराच कुणीतरी हाय."

रस्त्यावरनं धुळीचा लोट गेला. बब्रुवाननं तिच्या मांडीकडं बघितलं.

"टेप लावला न्हाय व्हय?"

"नाही."

"मग सरांना काय दावणार?"

"हे सरांचं नाही. माझं हाय." स्टेअरिंगवरच्या त्याच्या मनगटावर तिनं हात ठेवला. हात गरम होता. "बब्रुवान… सापडलास."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. डोळ्यात धूळ गेली म्हणावं, तर लोट कवाच पुढं गेला होता.

तिकडं गाडी वळणावर दिसली. तारामती दार उघडून उतरली. उतरली अन् खिडकीत परत आली.

"जो सापडतो त्याच्यावर राज येतं. माहीत आहे ना?"

"माहीतंय की."

"मग आता राज तुझ्यावर. मी लपते."

"कुठं?"

"सांगतात का कुठं?" ती हसली, अन् हसता हसता थांबली. "विद्यापीठाच्या मागं, मावशीकडं. विचारत आलास तर लोक आधी तुझं आडनाव विचारतील. मग तुझ्याकडं बघतच राहतील. चालंल?"

"मी चिडन."

"चीड. पण ये. माझ्यापर्यंत कुणीतरी यावं असं मला पण वाटतं रे… मी काय दुसऱ्यांनाच शोधत फिरू का जन्मभर? झाक डोळे."

त्यानं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं अन् डोळे झाकले. भर दिवसा असे डोळे झाकून कितीक वर्षं झाली होती. एक… दोन… तीन… कंडक्टरची घंटी ऐकू आली. गाडीनं गिअर टाकला. तिच्या केसांचा, तापलेल्या सेलांचा वास अजून आत होता. त्यानं घाई केली न्हाय. चोरून बघितलं न्हाय. राज ज्याच्यावर आहे त्यानं इमानानं मोजायचं असतंय.

डोळे उघडले तर रस्ता रिकामा.

खिडकीत गुरुसिद्धप्पाचं तोंड आलं. "काय रं, बसल्या जागी झोपलास? रूट बंद झाला म्हणून मन मोडून घिऊ नगं. उद्यापसून छावणीचा कडबा वाहायचा हाय. डिझेल भरून ठिव."

बब्रुवाननं चावी काढली अन् त्याच्या हातावर ठेवली. "परवापसून वाहतो, आप्पा. मायला सांगा, उद्या घरी न्हाय."

"अन् चाललास कुठं?"

"गडी शोधाया. राज माझ्यावर आलंय."

फाट्यावर औरंगाबादच्याच वाटंनं बीडकडं जाणारा एक ट्रक पाणी प्यायला थांबला होता. क्लीनर वर चढत होता.

"कसलं राज? आरं, पोरखेळ हाय का ह्यो?"

"व्हय, आप्पा," बब्रुवान ट्रककडं पळता पळता म्हणाला. "पोरखेळच हाय. मला जायला पाहिजे आता."