वाट पाहण्यावरचं औषध

त्या वर्षी अंजनगिरी विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या सहाशे बारा मुली होत्या आणि दिवाळी उलटली तेव्हा त्यांतल्या एकीलाच घरच्या आठवणीनं रडू येत होतं. तिचं नाव रेवती नंदनवार. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून ती जीवरसायनशास्त्र शिकायला आली होती. दर गुरुवारी दुपारी ती आयुष्यातली स्थित्यंतरं अभ्यासणाऱ्या संक्रमण-अभ्यास विभागात जाई आणि डॉ. मुक्ता सरपोतदार विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं देई.

बाकीच्या मुली रडत नसत, कारण त्यांनी ‘स्थिरक’ घेतलेलं होतं.

माणूस एका जागी वर्षानुवर्षं राहिला की त्याचा मेंदू त्या जागेबद्दल अंदाज बांधून ठेवतो. सहाला नळ येणार, साडेसहाला आई हाक मारणार. जागा बदलली की हे अंदाज दिवसातून शेकडो वेळा चुकतात आणि दर चुकीगणिक आत एक बारीक कळ उठते. घरची ओढ म्हणजे या कळांची बेरीज. नवे अंदाज पक्के व्हायला पाचेक महिने लागत. त्या मधल्या दिवसांना मुक्ताबाईंच्या शास्त्रात ‘उंबरठाकाळ’ म्हणत. शाळा सुटली, लग्न झालं, निवृत्ती आली, जोडीदार गेला, तरी प्रत्येक वेळी तो असतोच. स्थिरक तीन दिवस नाकात फवारलं की जुने अंदाज सैल होत आणि पाच महिन्यांचं काम तीन दिवसांत उरके. आठवणी पुसल्या जात नसत. वाट पाहणं तेवढं थांबे.

औषधाचा गुण आला होता. पूर्वी शंभरातली अठरा मुलं पहिल्याच वर्षी शिक्षण टाकून घरी परतत. आता जेमतेम एक. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच ते देत. पण औषधाचे दूरचे परिणाम मोजायचे तर ते न घेतलेली माणसंही लागतात. म्हणून बारा मुलींचा एक तुलनागट केला होता. गटातून कधीही बाहेर पडून औषध घ्यायची मुभा होती. अकरा जणी बाहेर पडल्या.

“या आठवड्यात कुणाशी बोललीस?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“मेसमधल्या काकूंशी. त्या म्हणाल्या, भाजी संपली.” रेवती थोडं हसली. “आणि आसावरीशी.”

आसावरी तुलनागटातलीच. ऑगस्टमध्ये दोघी जिन्यात भेटल्या होत्या, दोघींचेही डोळे सुजलेले. त्या दिवसापासून त्या एका ताटात जेवत. आठ दिवसांपूर्वी आसावरीनं स्थिरक घेतलं होतं.

“कशी आहे ती?”

“छान आहे. मी खोलीत गेले तर तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, काही हवंय का? मॅडम, तिला सगळं आठवतं. फक्त मी नाही गेले तरी चालतं तिला.”

मुक्ताबाईंचं पेन थांबलं. गेले तीन आठवडे त्या एका तक्त्यापाशी अडल्या होत्या. शेजारच्या तीन खोल्यांतल्या मुलींची नावं सांगा, असा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला होता. स्थिरक घेतलेल्या बहुतेकींना एकही नाव सांगता आलं नव्हतं. भांडण नाही, तक्रार नाही. करमत नसलं की माणूस शेजारचं दार वाजवतो. इथे सगळ्यांनाच करमत होतं.

“मलाही द्या,” रेवती म्हणाली.

मुक्ताबाईंनी तिला तो तक्ता दाखवला, काहीही न लपवता. “त्रास जाईल, पण त्या त्रासातूनच माणसं जोडली जातात, असं मला आता वाटू लागलंय. पाच महिने संपत आलेत. थोडी कळ काढ.”

“पाच महिन्यांनी काय होईल? मी सरावेन. पण सरावून बोलू कुणाशी?”

“माझ्याशी बोलतेस ना.”

“गुरुवारी. आणि तुम्ही लिहून घेता.” रेवतीच्या आवाजात राग नव्हता. “सगळे एकटे असते तर चाललं असतं, मॅडम. इथं एकटी मीच आहे.”

नियमाप्रमाणे नकार देता येत नव्हता. तिनं सही केली. पुढच्या गुरुवारी विभागात कुणी आलं नाही.

जानेवारीत रेवतीची आई आली. वत्सलाबाई पवनीत शाळेचे गणवेश शिवत. एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून त्या लेकीला भेटल्या होत्या आणि तिथून थेट विभागात आल्या होत्या.

“पोरीले काही झालं का जी?” त्यांनी विचारलं. “मी फोन केला का चांगली बोलते. स्वतःहून करत नाही. आज भेटली, पाया पडली, अन् घड्याळ पाहून म्हणाली, आई, माझा तास आहे.”

मुक्ताबाईंनी उंबरठाकाळ, अंदाज, स्थिरक सगळं सोप्या भाषेत समजावलं. वत्सलाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे तिचे अंदाज नवे झाले. माहे जुनेच रायले. मी अजून दोन कप चहा मांडतो अन् एक ओतून देतो.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही घेतलं होतं का ते औषध?”

“हो. यजमान गेले तेव्हा. चौथ्या दिवशी मी कामावर आले.”

“बरं वाटलं?”

“त्रास थांबला.” नवऱ्याचा चेहरा, आवाज, चष्मा पुसायची पद्धत, सगळं मुक्ताबाईंना लख्ख आठवत होतं. एखाद्या चांगल्या नोंदवहीत असावं तसं.

“मंग मलेही द्या.”

“वत्सलाताई, आत्ता निदान तुम्ही तरी तिची वाट पाहताय.”

“पाहतो ना. पण तिले त्याचं काय कराचं आहे, मॅडम?”

निकषांत त्या बसत होत्या. मूल शिकायला घराबाहेर पडणं हा आईच्याही आयुष्यातला मान्य बदल होता. त्या तीन दिवस विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहिल्या आणि चौथ्या दिवशी गाडीत बसल्या. जाताना लेकीच्या खोलीकडे गेल्या नाहीत.

एप्रिलच्या अखेरीस वसतिगृहाची यादी आली. सुटीत घरी जाणार नसलेल्यांत रेवतीचं नाव होतं. तिचे गुण उत्तम होते, झोप उत्तम होती. तुलनागट आता उरला नव्हता आणि अहवालात हा परिणाम कोणाशी ताडून दाखवायचा हे मुक्ताबाईंना कळत नव्हतं. त्यांनी पवनीला फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

“रेवती सुटीत येत नाहीये, वत्सलाताई.”

“हो का? बरं,” वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रसन्न होता. “अजून काही विचाराचं होतं का जी?”