मधला टप्पा

वडवणीत बसून मी शर्यतीची गाडी चालवते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग दारातल्या स्कूटीकडे बघतात. समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. गाडी कॉम्प्युटरमध्ये असते. स्टिअरिंग टेबलाला पक्कं आवळलेलं, पेडल पायाशी, आणि समोरच्या पडद्यावर देशभरातले वेडे एकाच ट्रॅकवर. एरवी मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझा स्वभाव संशयी आहे, हे माझे विद्यार्थी, सासूबाई आणि भाजीवाले सगळेच सांगतील. शर्यतीत त्याचा उपयोग होतो.

आमचा संघ दोघांचा, मी आणि अजिनाथ. अजिनाथ मांजरसुंब्याचा. चौकाजवळ त्याच्या आईचा ढाबा आहे आणि ढाब्यामागच्या पत्र्याच्या, बिनखिडकीच्या खोलीत त्याचं स्टिअरिंग. पूर्वी तो माझ्याकडे शिकायला होता, त्यामुळे अजून ताई म्हणतो. शर्यतीत गाडी एकच, चालवणारे दोन. पिटमध्ये, म्हणजे टायर आणि इंधनासाठी थांबायच्या जागी, गाडी उभी करून एकाने बटण दाबून ती सोडायची आणि दुसऱ्याने धरायची. ज्याच्या हातात गाडी आहे त्याचा कॉम्प्युटर बंद पडला, तर गाडी ट्रॅकवरून गायब होते. शर्यत तिथेच संपते.

म्हणून आमचे डावपेच आधी लाईटवर ठरतात, टायरचं नंतर. मोठ्या शहरांतले संघ शर्यतीतलं हवामान बघतात, आम्ही लोडशेडिंगचं वेळापत्रक. मांजरसुंब्यात लाईट जायच्या आत अजिनाथने गाडी माझ्याकडे द्यायची, वडवणीत जायच्या आत मी त्याच्याकडे. लोकांनी तीन वर्षं यावर हसून घेतलं. यंदा शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही गुणांत दुसरे होतो. रविवारची शर्यत जिंकली तर अजिंक्यपद आमचं आणि देशपातळीच्या लीगमध्ये जागा आमची. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की त्या आठवड्यात घरात कोण काय बोलतंय ते माझ्या कानावरून जात होतं.

शनिवारी लांबचा सराव होता. अजिनाथ वेगवान आहे, पण टायर खातो. त्याच्यापायी आम्हाला एक थांबा जास्तीचा घ्यावा लागतो. दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा गाडी त्याच्या नावावर ट्रॅकवर फिरत होती. मी आकडे बघितले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितले. टायर जवळपास नवे होते. भरलेला ट्रक घाटातून उतरवावा तसा ब्रेक, आधीपासून आणि हलका. शिवाय गाडी चालवताना अजिनाथचं तोंड कधी बंद नसतं. त्या दिवशी हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, सावकाश.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. "आज फार छान चालवलीस."

"मी? ताई, मी चार फेऱ्या मारून उठलो की. गिऱ्हाईक आलतं. मला वाटलं तुमीच घेतली गाडी."

"तू सोडल्याशिवाय मला कशी मिळेल? बटण दाबलं होतंस?"

"आता ते कुठं ध्यानात हाय?"

हा धडधडीत खोटं बोलतोय, असं मला वाटलं. आपल्या नावावर दुसऱ्या तरबेज माणसाला बसवणं हा या खेळातला सर्रास गुन्हा आहे. सापडला तर संघ कायमचा बाद. मी सरळ विचारलं, "आत कोण बसलं होतं?"

"ताई, माझ्यावर इस्वास न्हाई का तुमचा?"

नव्हता. पण शर्यत दुसऱ्या दिवशी होती. मी विषय वाढवला नाही.

रविवारी चूक माझ्याकडून झाली. नारायणगडाला यात्रा असली की लाईट घालवत नाहीत, हा आमच्याकडे सगळ्यांचाच ठाम समज. त्या भरवशावर मी वेळापत्रक न बघता मधला मोठा टप्पा अजिनाथला देऊन टाकला. पहिला टप्पा मी चालवला आणि गाडी तिसऱ्या नंबरवर असताना त्याच्या हाती दिली. तो नेहमीसारखा बडबडत होता. पुण्याच्या संघाची गाडी सगळ्यात पुढे होती, तिला नावं ठेवत होता. हा अजिनाथच होता, याबद्दल माझी आजही खात्री आहे. मग एका वाक्याच्या मध्येच त्याचा आवाज तुटला.

मी पडद्याकडे बघितलं. गाडी ट्रॅकवर होती. धावत होती.

माझा मोबाईल वाजला. "ताई, लाईट गेली. इन्व्हर्टरबी बसला. गेली ना गाडी आपली?" अजिनाथ रडकुंडीला आला होता. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"तू कुठे आहेस?"

"रोडवर. आत रेंज कुठं हाय?"

"आत कुणाला बसवलंस?"

"अंधारात कुणाला बसवू बे? माफ करा ताई, तोंडातनं गेलं. आत समदं बंद पडलंय."

हेडफोनमध्ये तो श्वास परत आला होता.

मी मोबाईल बंद केला. गाडी दुसऱ्या नंबरवर आली होती. पुढची पुण्याची गाडी पिटमध्ये वळली. आपणही आत जायचं, की टायर टिकतायत तोवर बाहेर राहायचं? बाहेरच राहायचं, असं मी मनाशी ठरवलं. मग आत कोण आहे ते कळावं म्हणून माईकवर मुद्दाम उलटं बोलले.

"आत ये."

गाडी आत आली नाही.

मी ओठही न हलवता मनात म्हटलं, पुढच्या फेरीला नको. त्याच्या पुढच्या फेरीला ये.

त्याच्या पुढच्या फेरीला ती आली. पिटमध्ये नीट उभी राहिली. माझ्या स्टिअरिंगवर हिरवा दिवा लागला. कुणीतरी बटण दाबून गाडी सोडली होती.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण गाडी पुढे होती, टायर शाबूत होते आणि मला जिंकायचं होतं. मी गाडी धरली. आम्ही जिंकलो.

पुण्याच्या संघाने लगेच तक्रार केली, की मधला टप्पा चालवणारा हात अजिनाथचा नाही. पंचांनी मला कर्णधार म्हणून सोमवारपर्यंतची मुदत दिली. गाडी आम्ही दोघांनीच चालवली, एवढा माझा शब्द त्यांना पुरणार होता.

सोमवारी रजा टाकून मी बीडवरून एसटीने मांजरसुंब्याला गेले. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. ढाब्यावर मुक्कामाला असलेला कुणी ड्रायव्हर, कुणाचा तरी जनरेटर, आणि अजिनाथचं नाटक. पोचल्यावर एकेक मुद्दा गळत गेला. जनरेटर नव्हता. इन्व्हर्टरची बॅटरी फुगून मेली होती. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, की काल लाईट थेट दिवेलागणीला, म्हणजे शर्यत संपून गेल्यावर, आली. खोलीला दार एकच, ते चुलीसमोर उघडतं, आणि चुलीपाशी अजिनाथची आई, सत्यभामामावशी, दिवसभर भाकरी थापत असतात.

"मावशी, काल लाईट गेल्यावर आत कोण होतं?"

"कोण म्हंजे? ह्योच की. चहा नेऊन दिला म्या. अंधारात बसलाता. तोंडबी वळवलं न्हाई, कप तेवढा घेतला."

अजिनाथचा चेहरा उतरला. "आये, मी रोडवर होतो. ताईला फोन लावत."

"मग कप काय मांजरानं रिकामा केला?" मावशी हसल्या आणि तव्यावर पुढची भाकरी टाकली.

मायलेक मिळून मला बनवतायत, असं मी स्वतःला अजूनही सांगत होते. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण अजिनाथ त्या दाराकडे पाठ करायला तयार नव्हता. मला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणावर संशय घ्यावा ते कळत नव्हतं.

मी त्याला घेऊन रेंजसाठी रस्त्याच्या पलीकडे गेले.

"काय लिवणार, ताई?"

मी मोबाईल उघडला. पंचांना लिहिलं, 'मधला टप्पा कोणी चालवला हे मला माहीत नाही. आमचा संघ माघार घेतो.' डोळे भरून आले. अजिनाथला मी ते वाचून दाखवलं नाही, तेवढा धीरच नव्हता. बटण दाबलं. रेंज तोकडी होती, संदेश तिथेच अडकून गोल फिरत राहिला.

तेवढ्यात मावशी हाताचं पीठ झटकत रस्ता ओलांडून आल्या. "रूपाली, भाकर खाऊन जाय," असं म्हणाल्या, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या अजिनाथला बघून थबकल्या.

"तू कवा भाईर आलास? आत्ताच तर आतून इचारत होतास, ताईनं माघार कावून घेतली म्हून."

मी हातातल्या मोबाईलकडे बघितलं. संदेश अजून गेलेला नव्हता.