शिवकन्येनं बराबर मोजलं होतं

सेनगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये नऊ माणसांची जागा असते आणि सोळा माणसं बसतात. त्या दिवशी सोळा माणसं आणि वर एक सुटा हात होता. तो मुंजाजीच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. जीप खड्ड्यात गेली, चादर सरकली, आणि शेजारच्या मुलीच्या ओढणीवर पाच बोटं अलगद येऊन पडली.

मुलीनं बोटांकडे पाहिलं. मग मुंजाजीकडे. ताडपत्रीच्या फटीतून श्रावणातली भुरभुर तिच्या कपाळावर येत होती, पण तिनं ती पुसली नाही.

“तुमचा हाय का?”

“न्हाई... कॉलेजचा हाय. नर्सिंगच्या बाहुलीचा. रबर फाटलं म्हून आमच्या पंक्चरवाल्याकडं आणला होता.”

“मग? झाला का बरा?”

“तो म्हणला, ट्यूब असती तर झाला असता.”

मुलगी ओढणीत तोंड लपवून हसली. समोरच्या आजीबाईंनी मात्र हिंगोली येईपर्यंत पाय वर घेऊन ठेवले.

“मीबी त्याच कॉलेजात चालले,” ती म्हणाली. “आज पहिलाच दिवस. शिवकन्या.”

“मुंजाजी. मीबी पहिल्याच वर्षाला, आठ दिवस आधी लागलो.”

“नावावरून तर लग्न होईलसं वाटत न्हाई तुमचं.”

“मग धरा जरा हा हात,” मुंजाजी म्हणाला, “माझा अवघडून राहिला.”

तिनं धरला. प्रेमकथा यापेक्षा बऱ्या रीतीनं सुरू होतात, हे मान्य. पण सेनगावच्या जीपमध्ये एवढीच जागा असते.

बाहुलीचा हात बरा झाला नाही. नवा मागवलाय, असं कॉलेज दोन वर्षं सांगत राहिलं, आणि पोरं एकमेकांच्या हातांवर शिकत राहिली. हजेरीपटावर मुंजाजीच्या खाली शिवकन्या होती, म्हणून जोडी त्यांची लागली. तो रुग्ण झाला की ती सिस्टर, ती रुग्ण झाली की तो ब्रदर. ती त्याचा बीपी बघायची, तो तिच्या दंडाला पट्टी बांधायचा आणि सोडताना उगाच वेळ लावायचा.

“झालं न्हाई का अजून?”

“गाठ बसून राहिली.”

“तुमी बांधलेली गाठ बसायचीच. सोडा बरं.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. नरसीच्या यात्रेच्या बंदोबस्तात विद्यार्थ्यांचा प्रथमोपचाराचा तंबू लागला. तिथं एका म्हाताऱ्याच्या पायातला काटा काढताना ती त्याच्याशी इतकं गोड बोलली, की काटा निघाल्यावरही म्हातारा उठेना. मुंजाजीला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. हे त्यानं तिला सांगितलं नाही. तिनं ते ओळखून पुढचा पूर्ण आठवडा त्याला ‘बाबा’ म्हणून हाक मारली.

कॉलेजचं सगळं चांगलं होतं, फक्त मार्क सोडून. परीक्षा मंडळ निम्म्या मार्कांवर पास करतं. हे कॉलेज शंभरात पंच्याहत्तर मागायचं. पंच्याहत्तरला माणूस सिस्टर व्हायच्या लायक, चौऱ्याहत्तरला नाही. तो मग वर्षभर घरी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. प्राचार्य करुणा मॅडमनी ही पद्धत बसवली होती. प्रात्यक्षिकाच्या पत्रकात हात धुण्याला मार्क होते, नखं कापण्याला होते, रुग्णाला नाव विचारण्याला होते. नाडीला सगळ्यात जास्त, पंचवीस. विद्यार्थ्यानं मोजून लिहायचं, मग मॅडम स्वतः मोजणार. दोन ठोक्यांपेक्षा जास्त फरक पडला, की पंचवीसच्या पंचवीस गेले.

यावर पोरांनी तोडगा काढला होता. घड्याळाकडे मन लावून बघायचं, ओठ हलवायचे आणि अठ्ठ्याहत्तर लिहायचं. निरोगी तरुण माणूस त्याच्या आसपासच सापडतो. वर्गातली निम्मी मंडळी अठ्ठ्याहत्तरवर पास झाली होती.

शिवकन्येला मात्र मोजता येत होतं आणि तिला पास व्हायचंच होतं. तिचे वडील दगडोबा यांना एका वेळी एकाच लेकीचं शिक्षण झेपत होतं. आधी शिवकन्येचं, मग धाकट्या मिनाचं, असं घरात ठरलं होतं. मिना बारावीला होती आणि तिलाही सिस्टरच व्हायचं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला मुंजाजी पलंगावर झोपला. शिवकन्या आली, हात धुतलेले, केसांवर जाळी. तिनं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. तिला हसू आलं, आणि कोपऱ्यातून मॅडमचं पेन हललं. मग तिनं त्याचं मनगट धरलं.

आता मुंजाजीची काय चूक म्हणायची... तिची बोटं गार होती, पापण्या खाली होत्या, आणि ती मनातल्या मनात त्याचा एकेक ठोका मोजत होती. असं आपल्याला कुणी मोजतं का कधी? तिच्या भुवया वर गेल्या. तिनं पुन्हा मोजलं.

“अठ्ठ्याहत्तर लिही,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

“गप पड.”

तिनं एकशे आठ लिहिलं. ती बाजूला झाली, मॅडम आल्या, त्यांनी मनगट धरलं, आणि मुंजाजीचं सगळं अंग जागच्या जागी शांत झालं. मॅडमना शहात्तर मिळाले.

मग शिवकन्या झोपली आणि मुंजाजीनं तिचं मनगट धरलं. त्याला एक ठोकाही मोजता आला नाही. त्यानं अठ्ठ्याहत्तर लिहिलं. मॅडमना सत्त्याहत्तर आले. तो पास झाला.

शिवकन्येच्या पत्रकावर चौऱ्याहत्तर होते. पंचवीस नाडीचे गेले होते, आणि एक ‘अनावश्यक हसणे’ या सदराखाली.

मुंजाजी मॅडमच्या खोलीत गेला तेव्हा त्या डबा खात होत्या.

“मॅडम, तिनं बराबर मोजलं होतं.”

“मग मी चुकीचं मोजलं?”

“न्हाई. तुमीबी बराबर मोजलं.”

“दोन्ही कसं बरोबर असेल?”

“तिनं हात धरला होता, मॅडम.”

मॅडमचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते मुंजाजीला आत्ता कुठे कळत होतं. शिवकन्येला जे सांगायला त्याला दोन वर्षं धीर झाला नव्हता, ते तो भेंडीच्या भाजीसमोर सांगून बसला होता.

“हे लिहायला पत्रकात जागा नाही,” मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. “माझ्या वॉर्डात एकदा एका पोरीनं न मोजता लिहिलं होतं. बाई गेली. तेव्हापासून मी कारणं ऐकत नाही.”

“मॅडम, न मोजता मी लिहिलं. मला नापास करा.”

“तुझा आकडा जुळलाय,” मॅडम म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.

बाहेर व्हरांड्यात शिवकन्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“काहून गेलास आत?”

“खरं सांगायला.”

“मग मला आधी सांगायचं.” तिचे डोळे भरले होते. “कॉलेजात सगळ्यात शेवटी मलाच कळलं.”

“आता कळलं ना. पुढच्या वर्षी पुन्हा दे...”

“पुढच्या वर्षी मिनाची पाळी हाय.”

दगडोबा म्हणाले होते, एक वर्ष थांबू, मिना बसंल घरी. शिवकन्याच नाही म्हणाली. घरी बसलेल्या पोरीला सोयरिकी कशा येतात, हे तिला माहीत होतं. मिनानं त्याच कॉलेजात नाव घातलं. शिवकन्या सेनगावच्या एका खासगी दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला लागली. लेकरं घेऊन येणाऱ्या बाया तिला सिस्टर म्हणायच्या. “सिस्टर न्हाई मी,” ती दर वेळी सांगायची. बाया ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा सिस्टरच म्हणायच्या.

मुंजाजी पुरा पास झाला. आखाडा बाळापूरच्या एका दवाखान्यात ब्रदर म्हणून लागला आणि पहिल्या सुट्टीला सेनगावला आला. दवाखाना दुपारचा बंद होत होता. शिवकन्या ओटा झाडत होती.

“लग्न करशील का माझ्याशी?” तो म्हणाला. पाठ करून आणलेलं बाकीचं सगळं जीपमध्येच विसरलं होतं.

तिनं झाडणी भिंतीला टेकवली.

“मला वाटलं होतं तुझा राग येईल,” ती म्हणाली. “येत न्हाई. तीच तर तकलीफ हाय.”

“मग व्हय म्हण.”

“मुंजाजी, तू रोज पांढऱ्या कपड्यात ड्यूटीवरून घरी येशील. ते कपडे मी धुवायचे, वाळू घालायचे, इस्त्री करून पुन्हा तुझ्या हातात द्यायचे. जन्मभर. माझ्यानं व्हायचं न्हाई ते.”

“माझे मी धुईन की.”

ती हसली. जीपमध्ये ओढणीत लपवलेलं तेच हसणं, आता मोकळं. आता ती हो म्हणणार, असं मुंजाजीला वाटलं. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

“दोरीवर तर दिसतीलच ना,” ती म्हणाली.

फाट्यावर बाळापूरची गाडी लागल्याचा आवाज आला.

“जा,” ती म्हणाली. “पेशंट वाट बघत असतील.” आणि आत जाऊन तिनं दाराला कडी घातली, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी.