नेहाच्या अंबाड्यातला काटा

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी माझ्या ताईचा उजवा हात येऊन बघावा.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. रविवार, सकाळचे साडेदहा. रावेतमध्ये माझ्या ताईचं, स्वप्नालीचं पार्लर आहे. मी अंजली, तिच्या हाताखाली काम करते.

खुर्चीत नवरी बसली होती. नेहा. साडेबाराचा मुहूर्त. तिची आई खाली गजरे आणायला गेली होती.

नेहानं पर्समधून रुमालात गुंडाळलेला काटा काढला. केसात खोचायचा, सोन्याचा, दोन दातांचा, वीतभर लांब. वर हिरव्या जेड दगडाची फुलं आणि लटकणारी बारीक पानं.

"जयसिंगमामानं दिलाय. चाकणच्या कंपनीनं ट्रेनिंगला चीनला पाठवलं होतं ना, तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणे."

"भारीच की गं!" ताईनं अंबाडा घातला आणि काटा खोचला.

पानं किणकिणली...

नेहा हलली नव्हती. पंखा बंद होता.

"अंजली, केस ओले कसे झाले गं?" ताईनं हात वर केला.

हात लाल होता...

आम्ही नेहाचं डोकं चाचपलं. कुठं ओरखडासुद्धा नाही. तरी रक्त येतच होतं. कपाळावरून, नथीवरून, शालूवर.

नेहा ते पुसतसुद्धा नव्हती.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न बंद झाले होते...

"ताई, काढ तो!" मी ओरडले.

ताईनं हात पुढं केला. त्याआधी नेहानं काटा उपसला. दुसऱ्या हातानं ताईचं मनगट धरून टेबलावर आपटलं. आणि काटा तळहातात घातला. आरपार. खालच्या प्लायवूडमध्ये रुतेपर्यंत.

उपसला. परत घातला.

परत.

मी तिला मागून मिठी घातली. तिनं एका हातानं माझं डोकं आरशावर आपटलं. काच फुटली. माझे पुढचे दोन दात तिथंच पडले. खाली पडता पडता मी तिचं तोंड पाहिलं.

डोळे मिटलेले होते. गाढ झोपल्यासारखे...

दार ढकलून तिची आई आत आली. "नेहा!"

नेहानं डोळे उघडले.

"स्वप्नालीताई, झाला का अंबाडा?"

मग तिला स्वतःचे हात दिसले. ती जे किंचाळली...

दवाखान्यात डॉक्टरांनी ताईची जखम साफ केली. आतून एक केस निघाला. मग दुसरा. ते चिमट्यानं ओढतच होते... काळेभोर, हातभर लांब केस.

नेहाचे केस खांद्यापर्यंत. तांबूस रंगवलेले.

ताईनं तक्रार केली नाही. "त्या पोरीनं नाही केलं गं," एवढंच म्हणते. तिची तीन बोटं आजही मिटत नाहीत. लग्न त्याच संध्याकाळी लागलं. मामांनी काटा नेऊन पवनेच्या पाण्यात टाकला.

परवा ते बाजारात भेटले. मान खाली घालून म्हणाले, "अंजली, जोडी होती ती. दुसरा मी साखरपुड्यात नेहाच्या सासूबाईंना दिला होता. आता त्या परत द्यायला तयार न्हाईत."

सासर सांगवीला. नेहाच्या नणंदेचं लग्न येत्या रविवारी आहे. काटा तिला लावणार आहेत.

मी स्वतः सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं.

"लग्नघरात असलं बोलू नये बाई," त्या म्हणाल्या.

आणि फोन ठेवला...